घोट्याचा एमआरआय: आधी हाडं बघा, मग लिगामेंट शोधा

मागे या सदरात गुडघ्याच्या एमआरआयबद्दल लिहिलं होतं, तेव्हापासून घोट्याचे प्रश्न नुसते साठत चाललेत. हल्ली सीडी किंवा लिंक हातात मिळते, ती घरी लॅपटॉपवर उघडून माणसं रात्री दोन वाजेपर्यंत काळ्या-पांढऱ्या चित्रांकडे बघत बसतात आणि सकाळी मला पत्र लिहितात. चांगलं आहे, बघावं. फक्त कुठे बघायचं ते माहीत नसलं की घोट्यात धडधाकट लिगामेंटसुद्धा फाटलेलं दिसतं, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: डॉक्टर, अडीच महिन्यांपूर्वी पळताना पाय आतल्या बाजूला वळला. एमआरआय केला. बाहेरच्या घोट्याच्या समोर एक काळी पट्टी आहे, ती मला मधेच तुटलेली दिसते, पण रिपोर्टमध्ये ते लिगामेंट नॉर्मल लिहिलंय आणि दुसरंच कुठलंतरी 'एटीएफएल' फाटलंय म्हणतात. रिपोर्ट चुकलाय का?

उत्तर: रिपोर्ट चुकलेला नाही, तुम्ही एक मजला वरच थांबलात. ही चूक इतकी कॉमन आहे की त्यावर जरा सविस्तर बोलू.

बाहेरच्या घोट्याचं जे टोकदार हाड हाताला लागतं ते फिब्युला. त्याच्या समोरच्या कडेवरून दोन वेगळी लिगामेंट्स निघतात आणि ती अगदी शेजारी-शेजारी असतात. वरचं नडगीच्या हाडाला जातं, ते एआयटीएफएल, म्हणजे पुढचं टिबिओ-फिब्युलर. खालचं टेलसला जातं, ते एटीएफएल, म्हणजे पुढचं टेलो-फिब्युलर. टेलस म्हणजे नडगी आणि टाच यांच्या मधे बसलेलं हाड. नावं इतकी सारखी की वाचतानाच गोंधळ होतो, बघताना तर होणारच.

आता सीडीमधली आडव्या कापांची, म्हणजे एक्सियल सिरीज उघडा आणि वरून खाली या, हळूहळू. लिगामेंट शोधू नका, नुसती हाडं बघा. सगळ्यात वर नडगीचं मोठं हाड आणि त्याच्या बाजूच्या खोबणीत बसलेला फिब्युला दिसेल. थोडं खाली आलात की नडगी संपत जाते, फक्त आतल्या घोट्याचा तुकडा उरतो आणि मधोमध टेलसचा माथा येतो. हा माथा चौकोनी दिसतो आणि फिब्युला गोलसर. इथपर्यंत तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, इथे जे दिसतंय ते नडगी-फिब्युलाचं लिगामेंट. फसायला होतं ते नेमकं इथेच, कारण या कापात नडगी बाहेरच्या बाजूला उरलेलीच नसते, त्यामुळे फिब्युलाला चिकटलेला लिगामेंटचा खालचा तुकडा एकटाच लोंबकळल्यासारखा दिसतो आणि माणसाला वाटतं हा टेलसकडे जात होता आणि तुटला.

अजून दोन-तीन काप खाली या. टेलस आता लांबुळका होतो, पुढे त्याची मान दिसायला लागते, आणि फिब्युलाच्या आतल्या बाजूला एक खळगा पडतो, हाड स्वल्पविरामासारखं दिसतं. हा खळगा दिसला की समजायचं, आलो. इथे फिब्युलाच्या पुढच्या कडेपासून टेलसकडे तिरकी जाणारी, साधारण २ मिमी जाडीची काळी सपाट पट्टी म्हणजे तुमचं एटीएफएल. त्याच कापात मागच्या बाजूला, खळग्यातून टेलसच्या मागे जाणारं जाडजूड पीटीएफएल, म्हणजे मागचं टेलो-फिब्युलर, पण दिसतं. दोघं एकाच चित्रात सापडली की खात्री पटते.

मग वरचं लिगामेंट 'मधेच तुटलेलं' का दिसलं? कारण ते आडवं नाहीच. नडगीवरून फिब्युलाकडे येताना ते खाली उतरतं, आणि काप तर आडवे, साधारण ३ मिमी जाडीचे. त्यामुळे एका कापात त्याचा नडगीकडचा भाग येतो, पुढच्यात मधला, त्याच्या पुढच्यात फिब्युलाकडचा. शिवाय ते एकसंध नसतं, पट्ट्या-पट्ट्यांचं असतं आणि पट्ट्यांच्या मधे चरबी. एक काप धरून बसलात तर ते नेहमीच तुटलेलं. माउसचं चाक फिरवत तीन-चार काप सलग बघा, तुकडे एकमेकांना जोडले जातात का ते बघा. खरं फाटलेलं असेल तर कुठल्याच कापात सलगता मिळत नाही, आणि ताज्या दुखापतीत नडगी आणि फिब्युलाच्या मधल्या फटीत पाणी वर चढलेलं दिसतं.

मी स्वतः रेसिडेंट असताना पहिल्याच महिन्यात एका पेशंटचं हे लिगामेंट 'कम्प्लीट टेअर' म्हणून लिहून टाकलं होतं, अगदी आत्मविश्वासाने. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "फिब्युला गोल आहे की खळगा आहे?" मी गप्प. तो रिपोर्ट बाहेर गेला नाही म्हणून वाचले, पण तेव्हापासून हाडाचा आकार बघितल्याशिवाय लिगामेंटचं नाव तोंडातून काढत नाही.

तुमच्या बाबतीत रिपोर्टमधलं एटीएफएल फाटल्याचं वर्णन दुखापतीशी जुळतंच. पाऊल खाली झुकलेलं असताना आत वळलं की सगळ्यात आधी हेच ताणलं जातं, आणि बाहेरच्या तिघांमधलं (एटीएफएल, पीटीएफएल आणि टाचेकडे जाणारं सीएफएल, म्हणजे कॅल्केनिओ-फिब्युलर) हेच सगळ्यात नाजूक. खळग्याच्या कापावर जाऊन बघा, पट्टी कुठेतरी अर्धवट संपलेली, नागमोडी किंवा जागेवर नसलेलीच दिसेल.

प्रश्न: मॅडम, मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एटीएफएल आणि पीटीएफएल सापडतात पण सीएफएल कधीच पूर्ण दिसत नाही. आमच्या ग्रुपमध्ये दोघांनी तर ते 'ॲबसेंट' म्हणून प्रेझेंट केलं. कसं शोधायचं?

उत्तर: त्या दोघांना सांग की मीही एकेकाळी असंच शोधत बसायचे. सीएफएल एखाद्या दोरीसारखं आहे, फिब्युलाच्या टोकापासून निघून खाली आणि मागे टाचेच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला जातं. म्हणजे ते आडव्या, उभ्या, बाजूच्या कुठल्याच नेहमीच्या कापाला समांतर नसतं. म्हणून ते तुला हप्त्याहप्त्यानेच मिळणार.

शोधायची सोपी खूण म्हणजे पेरोनियल टेंडन्स, पेरोनियल स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर. फिब्युलाच्या मागून वळून खाली जाणारे दोन काळे गोल ठिपके, ते चुकत नाहीत. सीएफएल त्यांच्या आतून जातं, म्हणजे टेंडन आणि टाचेचं हाड यांच्या मधून. एक्सियलमध्ये फिब्युलाचं टोक संपल्यावर लगेच खालच्या कापांमध्ये, टेंडनच्या आतल्या बाजूला हाडाला टेकलेली एक बारीक काळी रेघ दिसेल, ती पकड. मग कोरोनल, म्हणजे समोरून बघितलेल्या उभ्या कापांची सिरीज उघड, तिथे टेंडन्सच्या खाली आतल्या बाजूला एक छोटा काळा ठिपका असतो, तो काप-काप पुढे-मागे सरकवत फिब्युलाच्या टोकापर्यंत आणि दुसरीकडे टाचेपर्यंत नेता आला की लिगामेंट सलग आहे. दोन सिरीज बाजूबाजूला उघडून क्रॉस-रेफरन्सची रेघ (एका सिरीजमधला काप दुसरीत कुठे येतो ते दाखवणारी) चालू ठेव, अर्धं काम तीच करते.

पाऊल थोडं खाली झुकवून स्कॅन केला असेल तर आडव्या कापात सीएफएल जास्त लांबीने येतं. त्यामुळे एका पेशंटमध्ये छान दिसलं आणि दुसऱ्यात नाही, तर आधी पाऊल कसं ठेवलं होतं ते बघ, लगेच फाटलं म्हणू नकोस.

आणि एक गंमत. लिगामेंट नीट दिसत नाहीये, पण पेरोनियलच्या आवरणात पाणी साठलंय आणि दुखापत ताजी आहे, तर सीएफएलवर संशय घ्यायचा. ते आवरण याच्या अंगावरच टेकलेलं असतं, हे फाटलं की सांध्यातलं पाणी तिकडे झिरपायला वाट मिळते. अर्थात टेंडनचा स्वतःचा त्रास असला तरी पाणी येतं, म्हणून टेंडन पण तपास.

क्रम लक्षात ठेव: बहुतेक वेळा आधी एटीएफएल जातं, जोर जास्त असला तर मग सीएफएल, आणि पीटीएफएल जायला घोटा जवळजवळ निखळावा लागतो. एटीएफएल ठणठणीत आणि पीटीएफएल फाटलंय असा रिपोर्ट लिहायची वेळ आली तर पेन खाली ठेव आणि पुन्हा एकदा बघ.

प्रश्न: मुलगी डान्स करते, घोटा दुखतो म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये लिगामेंट्स नॉर्मल आहेत. पण मी चित्रं बघितली तर आतल्या बाजूचं लिगामेंट रेषारेषांचं, विस्कटल्यासारखं आहे, बाहेरच्या एटीएफएलसारखं एकसारखं काळं नाही. मागचं पण तसंच. हे सुरुवातीचं फाटणं तर नाही ना?

उत्तर: नाही, काळजी सोडा. तुमची नजर मात्र चांगली आहे हं.

लिगामेंट म्हणजे एकसारखी काळी पट्टी, असं आपण सगळे शिकतो, आणि घोट्यात, वर सांगितलेलं एआयटीएफएल सोडून, आणखी दोन ठिकाणी ते खोटं ठरतं. एक म्हणजे आतल्या बाजूचं डेल्टॉइड, त्यातही त्याचा खोल आणि मागचा भाग जो नडगीच्या आतल्या घोट्यापासून टेलसला जातो. दुसरं म्हणजे मागचं पीटीएफएल. दोघांमध्ये धाग्यांच्या जुड्या असतात आणि जुड्यांच्या मधे चरबी. टी-वन नावाच्या प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी, धागे काळे, म्हणून पंख्यासारखं किंवा कंगव्यासारखं रेषारेषांचं दिसतं. तसं दिसणं हेच चांगलं लक्षण आहे. उलट या जागी रेषा पुसल्या गेल्या, सगळं एकसारखं करडं झालं आणि फॅट-सॅट, म्हणजे चरबी काळी पाडलेल्या चित्रात ते उजळलं तर आम्ही सावध होतो.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर कोरोनल सिरीजमध्ये आतला घोटा आणि टेलस यांच्या मधली जागा बघा, आधी टी-वन, मग त्याच जागेचं फॅट-सॅट. टी-वनमध्ये पांढऱ्या असलेल्या रेषा फॅट-सॅटमध्ये काळ्या पडल्या म्हणजे ती चरबीच होती. पाणी असतं तर ते फॅट-सॅटमध्ये चकाकलं असतं. ही एक युक्ती घोट्यात फार ठिकाणी उपयोगी पडते.

डेल्टॉइडच्या वरवरच्या थराचे बरेच भाग आहेत, त्यांची नावं सांगून तुम्हाला झोप आणत नाही. एकच सांगते, त्याचा एक भाग खाली स्प्रिंग लिगामेंटला जाऊन मिळतो, आणि स्प्रिंग म्हणजे टेलसच्या डोक्याला खालून झेलणारी झोळी. पायाची कमान बसायला लागली असेल तर तिथे आणि शेजारच्या टिबियालिस पोस्टिरियर टेंडनकडे बघावं लागतं. डान्स करणाऱ्या मुलीचं दुखणं लिगामेंटशिवाय इतर दहा कारणांनी असू शकतं, ते तिला तपासणाऱ्यांनाच ठरवू दे.

प्रश्न: रिपोर्टमध्ये 'एटीएफएल जाड, सलग, आजूबाजूला सूज नाही, जुनी दुखापत' असं आहे. माझा पाय तर वर्षातून चार वेळा मुरगळतो! सलग आहे म्हणजे लिगामेंट चांगलं आहे ना, मग घोटा लचकतो का? आणि ग्रेड का नाही लिहिली?

उत्तर: पहिल्यांदा ग्रेडचं. ग्रेड १ म्हणजे धागे शाबूत, फक्त आजूबाजूला सूज. ग्रेड २ म्हणजे काही धागे तुटलेले. ग्रेड ३ म्हणजे पूर्ण तुटलं. हे सगळं ताज्या दुखापतीसाठी ठीक आहे. जुन्या लिगामेंटला ग्रेड लावणं म्हणजे भरून आलेल्या जखमेवरून ती किती खोल होती ते सांगण्यासारखं, म्हणून लिहिली नाही ते बरोबरच.

फाटलेलं एटीएफएल बऱ्याचदा भरून येतं, पण मूळच्यासारखं येईलच असं नाही. कधी जाड होऊन येतं, कधी पातळ, कधी लांब होऊन ढिलं पडतं. आणि एमआरआयमध्ये तुम्ही निवांत पडलेले असता, पाय मशीनच्या कॉइलमध्ये बांधलेला, घोट्यावर काडीचंही वजन नाही. ढिलं झालेलं इलॅस्टिक टेबलावर ठेवलं तर अखंडच दिसतं, ओढल्यावर कळतं. तसंच हे. तुमचं लिगामेंट काम करतंय का नाही हे हाताने तपासून कळतं, टाच धरून पाऊल पुढे ओढतात ती अँटीरियर ड्रॉवर टेस्ट आणि पाऊल आत वळवून बघतात ती टेलर टिल्ट. त्यामुळे 'सलग आहे' एवढ्या शब्दावर खूश होऊ नका आणि 'जाड आहे' यावर घाबरू पण नका.

शिवाय लचकण्याचं कारण दरवेळी लिगामेंटच असतं असं नाही. पेरोनियल स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत, तोल सांभाळायची सवय बिघडलेली असते, आणि हे कुठल्याच चित्रात दिसत नाही. म्हणूनच आधी फिजिओथेरपी, एका पायावर उभं राहण्याचे, तोल साधण्याचे व्यायाम, आणि ते सुद्धा आठ दिवस नाही तर काही महिने. त्यानंतरही घोटा दगा देत असेल तर ऑपरेशनचा विचार. यातलं सगळ्यात नावाजलेलं ऑपरेशन स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडलं. त्यात ढिलं लिगामेंट आवळून पुन्हा शिवतात, पुढे १९८० मध्ये गूल्ड यांनी त्यात भर घातली. आजही त्याच पायावर काम चालतं.

तुमचा एमआरआय फुकट गेला असंही समजू नका. अशा घोट्यात आम्ही लिगामेंटइतकंच लक्ष टेलसच्या माथ्यावर ठेवतो, तिथल्या कार्टिलेजला आणि खालच्या हाडाला मार बसलाय का ते बघतो, आणि पेरोनियल टेंडन उभा चिरलाय का ते पण. सायनस टार्साय नावाची टेलस आणि टाचेच्या मधली चरबीने भरलेली पोकळी असते, तिथली चरबी जाऊन तिथे पाणी किंवा व्रणाचा टिश्यू आला असेल तर तेही दुखण्याचं कारण असू शकतं. रिपोर्टमध्ये या तिन्हीबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा.

प्रश्न: एमआरआय टेक्निशियनचा कोर्स करतोय. घोट्यापाशी वळणारे टेंडन पीडी (प्रोटॉन डेन्सिटी) चित्रांमध्ये उजळ दिसतात आणि टी-टूमध्ये काळे. मशीनचा प्रॉब्लेम?

उत्तर: मशीन बिचारं ठीक आहे. याला मॅजिक अँगल म्हणतात. टेंडन किंवा लिगामेंटचे धागे मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करायला लागले की कमी टीई (सिग्नल घेण्याआधी मशीन थांबतं तो वेळ) असलेल्या चित्रांत, म्हणजे टी-वन आणि पीडीत, ते उगाच उजळतात. घोट्याला वळसा घालणारा टेंडन कुठेतरी तो कोन गाठणारच. टीई जास्त असलेल्या टी-टूमध्ये तो उजळपणा गेला आणि टेंडनची जाडी नॉर्मल असेल तर रोग नाही. पाऊल जरा खाली झुकवून ठेवलंस तरी फरक पडतो. पोझिशनिंग ज्यांनी केलं त्यांना कोणी श्रेय देत नाही, पण अर्धा रिपोर्ट तिथेच ठरतो.

प्रश्न: पाय मुरगळला की सरळ एमआरआयच करून टाकला तर? एकदाच काय ते कळेल.

उत्तर: साध्या मुरगळीत पहिल्या दिवशी एमआरआयने उपचार बदलत नाही. पहिला प्रश्न असतो हाड मोडलंय का, आणि त्यासाठी एक्स-रे तरी लागेल का हे ठरवायला कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कडा, खालचे ६ सेंटीमीटर आणि टोक, तिथे दाबून दुखतं का, आणि लगेच आणि नंतर तपासताना ४ पावलं टाकता येतात का. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाचं बूड आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर, ही दोन ठिकाणं पण दाबून बघतात. यातलं कुठेच दाबून दुखत नसेल आणि पावलं टाकता येत असतील तर सहसा एक्स-रेचीही गरज नसते. लिगामेंट किती ढिलं झालंय हे सुद्धा सूज थोडी उतरल्यावर, ४-५ दिवसांनी तपासलं तर जास्त नीट कळतं, पहिल्या दिवशी दुखण्यामुळे कोणी हात लावू देत नाही. आठवडे उलटून गेले तरी दुखतंय, घोटा अडकतोय, नडगी आणि फिब्युलाच्या मधे वर दुखतंय, अशा वेळी एमआरआय.

प्रश्न: घोट्याच्या मागे एक सुटं हाड आहे असं रिपोर्टमध्ये आहे, 'ऑस ट्रायगोनम'. मी तर कधी पडलेच नाही!

उत्तर: पडायची गरज नाही. टेलसच्या मागच्या टोकाला लहानपणी हाडाचा एक वेगळा ठिपका तयार होतो, बहुतेकांचा तो पुढे टेलसला जुळतो, तुमचा जुळला नाही, इतकंच. कडा गोल, गुळगुळीत असतील आणि फॅट-सॅटमध्ये हाड उजळत नसेल तर तो पाहुणा लहानपणापासूनचा आहे. कडा ओबडधोबड आणि आजूबाजूला सूज असेल तर मात्र फ्रॅक्चरचा विचार करतात. टाचा उंचावून, पंजावर जोर देऊन काम असेल आणि नेमकं तिथे मागेच दुखत असेल तर डॉक्टरांना हे हाड दाखवा, एरवी आहे तसं राहू दे.